बाळासाहेब खेर आणि आपल्या रानातले कूप

दसरा झाला, भाताची कापणी-झोडणी उरकली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्यापाड्यांवरची माणसे कूपाच्या कामाला निघत. कूप म्हणजे जंगलखात्याने त्या वर्षीच्या तोडीसाठी आखून दिलेला रानाचा तुकडा. डोळखांबकडच्या किंवा टोकावड्याकडच्या विद्यार्थ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कल्याणहून गाडीने येणाऱ्याला सांगावा लागतो, म्हणून आरंभीच सांगितला. आपल्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी आजा किंवा पणजा कूपावर राबलेला आहे. कोणाच्या आजाच्या पायावर कुऱ्हाडीची खूण असेल, कोणाची आजी कोळशाच्या भट्टीवर रात्री जागलेली असेल.

ह्या कामाची मजुरी कोणी ठरवायची आणि रानाचा नफा कोणाच्या पदरात पडायचा, ह्या प्रश्नाशी महाराष्ट्रातल्या एका थोर गृहस्थाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ते नाव म्हणजे बाळ गंगाधर तथा बाळासाहेब खेर. मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादे वाक्य येते. वांद्र्याची खेरवाडी त्यांच्याच नावाची, पण तिथून रोज येजा करणाऱ्यांनाही ते ठाऊक असेलच असे नाही. आपल्या रानांशी त्यांचा काय संबंध होता, हे मात्र आपल्याकडच्या मुलांनी जाणून घेण्यासारखे आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीला एका मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणाची काही वर्षे कुंडल येथे गेली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शालेय शिक्षण झाले आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून १९०८ साली ते पदवीधर झाले. संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय होता व त्यात त्यांनी पारितोषिकही मिळविले होते. पुढे कायद्याची परीक्षा देऊन मुंबई उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे ते काम करू लागले. बीमनसाहेबांची दृष्टी अधू झाली होती. त्यांना कागदपत्रे वाचून दाखविण्याचे काम ह्या तरुणाकडे होते. दुसऱ्याच्या फिर्यादी आणि कैफियती वर्षानुवर्षे मोठ्याने वाचून दाखविणे ही कायद्याची मोठीच शाळा म्हणायची. १९१८ साली त्यांनी सॉलिसिटरची पेढी काढली. ती भरभराटीस आली आणि त्यांचे नाव झाले.

स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद, १९३० आणि १९३२ चे तुरुंगवास, हरिजनसेवा आणि गरिबांना कायद्याची मदत हा मधला भाग त्या पिढीच्या अनेक कार्यकर्त्यांच्या चरित्रात असतो, तसाच त्यांच्याही चरित्रात आहे. त्यावर रेंगाळत नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात काँग्रेसला यश मिळाले आणि मुख्यमंत्रिपदासाठी निवड झाली ती ह्या फारसा गाजावाजा नसलेल्या, सौम्य वृत्तीच्या सॉलिसिटरची. तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणत. काँग्रेसच्या मंत्र्यांनी दरमहा पाचशे रुपयांहून अधिक वेतन घ्यायचे नाही असा पक्षाचा दंडक होता. चालत्या पेढीच्या मालकाला हा व्यवहार तोट्याचाच होता.

येथून आपल्या तालुक्याचा संबंध सुरू होतो. १९३५ च्या कायद्याने देशातील काही आदिवासी मुलूख सर्वसाधारण कायद्यांच्या कक्षेबाहेर अंशतः ठेवला होता. विधिमंडळाने केलेला कायदा अशा भागाला आपोआप लागू होत नसे. तो लावायचा की नाही हे गव्हर्नर ठरवी. ठाणे जिल्ह्यात डहाणू आणि शहापूर हे दोन तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे दोन पेटे असे अंशतः वर्जित ठरविले गेले होते. मुरबाड त्यात नव्हता. डोंगर तोच, रान तेच, ठाकूर-कातकरी-महादेव कोळी तेच, पण सरकारी कागदावर तालुक्याची हद्द ओलांडली की माणूस वेगळ्या सदरात जाई.

त्या काळी आपल्या रानात काम कसे चाले, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ते समजल्याशिवाय खेरांनी काय केले आणि काय केले नाही, हे उमगणार नाही.

ठाणे जिल्ह्यातील जंगलाचा तंटा जुना. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारने राने राखीव केली. भातशेतीला राब लागतो. राबासाठी झाडांच्या फांद्या, पाला तोडून वाफ्यावर जाळावा लागतो. त्यावर बंधने आली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. कमिशनचा अहवाल आला, काही सवलती मिळाल्या, पण रान सरकारचे झाले ते झालेच. एव्हाना आगगाडी वाशिंद, आसनगाव, खर्डी करीत कसाऱ्यापर्यंत येऊन घाट चढून गेली होती. मुंबई शहर वाढत होते. त्या शहराला घरांसाठी साग, चुलीसाठी जळाऊ लाकूड आणि शेगडीसाठी कोळसा हवा होता, आणि आपले तालुके त्याच्या दाराशी होते. शहापूरचा माल जवळच्या स्टेशनावर जाई. मुरबाडला आगगाडी नाही, तिथला माल बैलगाड्यांनी आणि पुढे ट्रकने कल्याणला जाई.

सरकार कूपाचा लिलाव करी. लिलाव बोलायला पैसेवाला लागतो, म्हणून बोली लावणार व्यापारी आणि ठेकेदार. ठेकेदाराला मजूर हवे असत ते थंडी-उन्हाळ्यात, पण त्यांची जुळवाजुळव तो पावसाळ्यातच करून ठेवी. आषाढ-श्रावणात आदिवासीच्या घरातले धान्य संपते. त्या वेळी ठेकेदाराचा मुकादम पाड्यावर येऊन खावटी देई: थोडे भात, थोडी नागली, मीठ-मिरची आणि चार रुपये. ह्या खावटीची फेड हंगामात अंगमेहनतीने करायची. लग्नासाठी कर्ज काढले असेल तर गोष्ट आणखी बिकट. लग्नाच्या पैशापोटी वर्षानुवर्षे सावकाराकडे राबणाऱ्याला आपल्या जिल्ह्यात लग्नगडी असा शब्दच होता. भाषेत एखाद्या गोष्टीला स्वतंत्र शब्द असणे म्हणजे ती गोष्ट किती रुळलेली होती, हे वेगळे सांगायला नको.

हंगाम सुरू झाला की कुटुंबे पोराबाळांसह रानात जात आणि पाल्याची खोपटी घालून राहत. जंगलखात्याचे लोक तोडायच्या झाडांवर हातोड्याचा छाप मारून जात. काही झाडे राखायची असत. झाड जमिनीलगत तोडावे लागे, म्हणजे बुंध्याला चांगला फुटवा येतो. दिसायला ही साधी गोष्ट, पण सागाच्या झाडाशी वाकून, जवळजवळ गुडघ्यावर बसून दिवसभर कुऱ्हाड चालविणे म्हणजे काय, ते कमरेलाच ठाऊक. मग फांद्या छाटायच्या, ओंडके आणि वासे वेगळे करायचे, साग वेगळा, ऐन, धावडा, हेद वगैरे इंजायली लाकूड वेगळे, जळाऊची थप्पी वेगळी. बारीक माल भट्टीला जाई. भट्टीवर बहुधा कातकरी. लाकूड रचून, वर पालापाचोळा आणि माती लिंपून ती पेटवली की आठ-आठ दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. कुठे भगदाड पडले आणि वारा शिरला तर कोळशाची राख होते, आणि नुकसान कोणाच्या नावावर मांडायचे ते आधीच ठरलेले असते.

मजुरी दिवसावर क्वचितच, बहुधा मालावर. माल मोजणार मुकादम, वही लिहिणार मुकादम, खावटी वजा करणार तोच. मजुराला अक्षर ओळखीचे नाही. झाड अंगावर येऊन हात-पाय गेला तर मजुराला घरी पोहोचविण्याची गाडी मिळाली तरी नशीब. हिवताप तर पाचवीला पुजलेला. पौषात म्हसाच्या जत्रेला जाऊन एखादे घोंगडे किंवा बैल घ्यावा असे मजुराच्या मनात असे, पण हिशेब आगोटीच्या तोंडावर, म्हणजे पावसाच्या आधी, व्हायचा. आणि त्या हिशेबात पुष्कळदा बाकी निघायची ती मजुराकडूनच येणे. मग पुन्हा खावटी.

ह्या चक्रात खालच्या पायरीचा जंगल-शिपाई, ज्याला आज आपण वनरक्षक म्हणतो, तोही काही सुखात नसे. दूरच्या नाक्यावर एकटा, पगार तुटपुंजा, आणि एका बाजूला ठेकेदार तर दुसऱ्या बाजूला साहेब. तोही बहुधा गरिबाघरचाच. ठेकेदाराने छाप नसलेले झाड पाडले तर डोळेझाक करायची की तक्रार करून वैर घ्यायचे, असा पेच त्याच्यापुढे येई. मजुराला दिसायचा तो मात्र दंड करणारा, कोंबडी मागणारा सरकारी माणूस म्हणूनच, आणि हा अनुभव खोटाही नव्हता. वेठ म्हणून फुकट कामे करून घेण्याची चाल सरकारी नोकरांतही होती, सावकार-जमीनदारांतही होती.

खेर मंत्रिमंडळाने अधिकारावर आल्यावर १९३७ सालीच डी. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याला अंशतः वर्जित भागांतल्या आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करायला नेमले. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. साहेब इंग्रज होता, पण त्याने सावकारी, जमिनींचे हस्तांतर, वेठ, लग्नगडी आणि जंगलातील ठेकेदारी ह्या गोष्टी आडपडदा न ठेवता मांडल्या. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्यांना त्यातले बरेच नवे असावे. आपल्या लोकांना त्यात काही नवे नव्हते. तथापि सरकारी अहवालात छापून येणे ह्याला महत्त्व असते. मजुराची तक्रार प्रथमच सरकारचे स्वतःचे म्हणणे झाली.

अहवालावर काही व्हावे तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. दुसरा एखादा नेता पुन्हा पेढीवर गेला असता. बाळासाहेबांनी १९४० मध्ये ठाणे जिल्ह्यासाठी आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. ठक्करबाप्पांनी दाहोदकडे भिल्लांमध्ये सुरू केलेल्या कामाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. बोर्डीचे आचार्य भिसे ह्यांच्यासारखे शिक्षक त्यांना सहकारी म्हणून लाभले. शाळा, वसतिगृहे, औषधोपचार, धान्याची मदत अशी मंडळाची कामे. शिक्षणावर त्यांची मोठी श्रद्धा होती. मंत्रिपदाच्या काळात वर्धा योजनेच्या अभ्यासासाठी केंद्रीय सल्लागार मंडळाने नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते. आदिवासी शिकला की लुबाडला जाणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

येथे माझा थोडा मतभेद आहे. शिकलेला माणूस लुबाडला जात नाही हे मला अनुभवाने पटलेले नाही. पण ते असो.

१९४२ च्या आंदोलनात बाळासाहेब पुन्हा तुरुंगात गेले आणि १९४४ मध्ये सुटले. मधल्या काळात ठाणे जिल्ह्यात दुसऱ्याच माणसांनी रान जागे केले होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा म्हणजे आपल्या उंबरठ्यावर. उंबरगावकडून काही वारली चालत-वाहनाने तिथे आले आणि शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांना आपल्याकडे घेऊन गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांनी वेठ करणार नाही आणि लग्नगडी राहणार नाही असा निश्चय केला. ११ ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चारजण मरण पावले. तेव्हा इलाख्यात गव्हर्नरची राजवट होती, खेर अधिकारावर नव्हते. गोदावरीबाईंनी ही सगळी हकीकत पुढे जेव्हा माणूस जागा होतो ह्या पुस्तकात लिहिली. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक आपल्या ग्रंथालयात असायलाच हवे.

१९४६ साली बाळासाहेब दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. गृहखाते मोरारजी देसायांकडे, अर्थ आणि सहकार वैकुंठभाई मेहतांकडे. त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर वारल्यांनी गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप केला. जंगलकामाला दिवसाला किमान सव्वा रुपया मिळावा, अशी मागणी होती. लाकडाचे व्यापारी युद्धात गबर झालेले; मुंबईत लाकूड-कोळसा सोन्याच्या मोलाने खपत होता. ह्या मागणीत अवाजवी काय होते? पण सरकारने ह्या चळवळीकडे मजुरीचा प्रश्न म्हणून पाहण्यापेक्षा बंडाळी म्हणून पाहिले. परुळेकरांसारख्या नेत्यांना जिल्ह्याबाहेर जाण्याचे हुकूम निघाले, पोलिसांची कुमक आली. व्यापाऱ्यांच्या संघटनेला मजुरीबाबत अखेर नमते घ्यावे लागले. आणि ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला. पाच आदिवासी ठार झाले. ह्या वेळी मुंबईला मुख्यमंत्री होते ते आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक.

बाळासाहेबांच्या चरित्रातले हे पान अवघड आहे. त्यांच्यावर प्रेम करणारे लेखक ते चटकन उलटतात आणि त्यांचे विरोधक त्या पानापुढे जातच नाहीत. मला दोन्ही रीती गैर वाटतात. बाळासाहेब ढोंगी नव्हते. वारल्यांच्या हालांविषयी त्यांना तळमळ होती, आणि ती सत्तेवर नसतानाही होती. पण आदिवासींसाठी आपण काही करावे असे त्यांना वाटे. आदिवासींनी स्वतः उठून मागावे हे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रुचले नाही. त्यातून मागणारे लाल झेंड्याखाली उभे, म्हणजे राजकारणाची भर पडली. त्यांच्या मनाला नानिवलीने काय वाटले असेल, ह्याचा तर्क मी करणार नाही. सरकार त्यांचे होते, जबाबदारीही त्यांची होती, एवढे स्पष्ट आहे.

आणि तरीही ह्याच १९४७ सालात त्यांनी असे एक काम केले की जे आपल्या रानांत पुढे कित्येक दशके उभे राहिले. जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढण्याची योजना मुंबई सरकारने हाती घेतली ती बाळासाहेबांच्या पुढाकाराने. मजुरी का कमी मिळते? रान सरकारचे आणि हात मजुराचे. मध्ये लिलाव घेणारा ठेकेदार. तर लिलावच नको. कूप थेट मजुरांच्या सोसायटीला द्यायचा. सोसायटीचे सभासद म्हणजे कूपावर काम करणारे आदिवासी. त्यांनी तोड करायची, माल विकायचा, सरकारचे देणे द्यायचे, मजुरी ठरल्या दराने चुकती करायची आणि उरलेल्या नफ्यातून शाळा, दवाखाना, धान्य, भांडी अशी सभासदांच्या उपयोगाची कामे करायची. सोसायटी चालवायला आरंभी कोणी जाणते हवे, म्हणून प्रत्येक सोसायटीच्या पाठीशी एक पुरस्कर्ती संस्था. ठाणे जिल्ह्यात ती जबाबदारी आदिवासी सेवा मंडळाने उचलली, नाशिककडे डांग सेवा मंडळाने.

ही योजना कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात ती अंमलात आणणे म्हणजे लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या तोंडचा घास काढणे होते, आणि हे व्यापारी दुबळे नव्हते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या राजकारणात त्यांचा वावर होता. सोसायटीला भांडवल कुठले? हंगामाच्या आधी मजुराला खावटी कोण देणार? ती दिली नाही तर तो पुन्हा ठेकेदाराकडेच जाणार. कूप चांगला मिळाला तर ठीक, विरळ मिळाला तर पहिल्याच वर्षी तोटा. जंगलखात्यातल्या पुष्कळांना हे सहकाराचे खूळ वाटत होते. बाळासाहेबांचा अधिकार आणि वैकुंठभाईंची सहकारावरची निष्ठा पाठीशी नसती, तर योजना पहिल्या पावसाळ्यातच वाहून गेली असती.

आपल्या दोन्ही तालुक्यांत अशा सोसायट्या निघाल्या. जुन्या माणसांशी बोलले की फरक कळतो. मजुरीचा दर आधीच ठाऊक असणे हीच त्यांना मोठी नवलाई वाटली होती. माल मोजताना सभासद समोर उभा राहू शकत होता. अपघात झाला तर मदत मागायला एक दार होते. मुकादमाची शिवी कमी झाली, असे एका म्हाताऱ्याने मला सांगितले. ह्या गोष्टीची नोंद सहकार खात्याच्या कोणत्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही. सोसायटीच्या पैशातून शाळेची खोली उभी राहिली आणि त्या खोलीतून शिकून आमच्यापैकी कितीतरी जण महाविद्यालयापर्यंत आले. वनखात्यात वनरक्षक, वनपाल म्हणून नोकरीला लागलेली आदिवासी मुलेही अशाच शाळांतून पुढे आली. ज्या रानात बाप कूप तोडायचा, त्याच रानात मुलगा हातोड्याचा छाप मारायला गेला.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोसायटीचा अध्यक्ष आदिवासी, पंचही आदिवासी, पण वही चिटणिसाच्या हातात, आणि चिटणीस बाहेरचा. ठरावाखाली अंगठे उमटत. ठराव काय आहे हे अंगठेवाल्याला माहीत असेच असे नाही. पुरस्कर्त्या संस्थेची माणसे सेवाभावी असली तरी पालकाच्या भूमिकेतून बाहेर येत नसत. मूल मोठे झाले हे आईबापांना सगळ्यांत उशिरा कळते म्हणतात. काही ठिकाणी ठेकेदार पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने भागीदार म्हणून, कुठे कर्ज देणारा म्हणून, परत आला. दोष योजनेच्या आखणीतच थोडासा होता असे मला वाटते. मजुराच्या कमाईतून ठेकेदाराला काढण्याचे धैर्य बाळासाहेबांनी दाखविले. वही मजुराच्या हाती कधी द्यायची, ह्याची मुदत मात्र घातली नाही. हा धागा थेट १९४६ च्या संपापर्यंत जातो. जो मजूर सव्वा रुपया मागायला एकत्र येऊ शकतो, तो हिशेबाची वही शिकायलाही एकत्र आला असता.

दुसऱ्या मंत्रिमंडळाची इतर कामे प्रसिद्ध आहेत. १९४६ चा सावकारी नियंत्रणाचा कायदा, १९४७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा, १९४८ चा कूळकायदा, पुणे विद्यापीठाची स्थापना. १९५० मध्ये राज्यघटना आली आणि अंशतः वर्जित क्षेत्र हे नाव जाऊन अनुसूचित क्षेत्र हे नाव आले. शहापूर तालुका त्यात आहे. मुरबाडची काही गावे १९८५ च्या आदेशात आहेत, सगळा तालुका नाही. म्हणजे ती जुनी हद्द आजही रानातून जातेच.

१९५२ च्या एप्रिलमध्ये बाळासाहेब मुख्यमंत्रिपदावरून निवृत्त झाले आणि भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. १९५४ साली परतले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९५५ मध्ये राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि उतारवयात देशभर फिरून त्यांनी ते काम १९५६ मध्ये पुरे केले. ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्याकडे तो कूपाचा ऐन हंगाम. रानात त्या दिवशी कुऱ्हाडी चालूच असणार, आणि बातमी खोपट्यांपर्यंत पोहोचायला काही दिवस लागले असणार.

सोसायट्या त्यांच्या मागे बरीच वर्षे चालल्या. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ निघाले आणि काही राने त्याच्याकडे गेली. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर सरकारचे जंगलाकडे पाहण्याचे धोरणच पालटले, तोड आटत गेली. कूपच नाहीत तर कूपाच्या सोसायटीने काय करायचे? काही सोसायट्यांच्या पाट्या अजून दिसतात. आत एक कपाट, एक टेबल आणि जुन्या वह्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावरचा गावाचा हक्क निदान कायद्यात मान्य झाला, त्यासाठी आपल्या गावांतून दावे दाखल झाले, काही मंजूर झाले, काही अडकले.

पाड्यांवरची माणसे आता भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात शेठचा माणूस येऊन उचल देऊन जातो. दिवाळीनंतर टेम्पो येतो, त्यात भांडीकुंडी आणि पोरे बसतात, आणि आगोटीला ती सगळी परत येतात. हिशेब तेव्हा होतो.